‘नाही’, का ‘पाह्यलं नाही’

सरांसमोर ‘नाही’ हा शब्द जपून वापरावा लागे. नकाराचं त्यांना वावडं नव्हतं. कुणी आडदिवशी सुट्टी मागितली तर स्वतः सरळ ‘नाही’ म्हणून मोकळे व्हायचे. पण तुम्ही एखाद्या गोष्टीबद्दल ‘नाही’ म्हणालात, की चष्मा कपाळावर चढवून ते विचारायचे, “नाही, का पाह्यलं नाही?” फ्रिजमध्ये दूध नाही म्हटलं तरी हेच, आणि डेटाबेसमध्ये रेकॉर्ड नाही म्हटलं तरी हेच. मग उठून, पाहून यायचं. बहुतेक वेळा आपलंच बरोबर निघायचं. तेव्हा ते ‘थँक्यू’ म्हणायचे, अगदी मनापासून. एखाद्या वेळी आपण चुकलेले असलो तर काहीच म्हणायचे नाहीत, आणि ते जास्त लागायचं.

आमचं ऑफिस यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत होतं, खाली ठिबकच्या पाइपांचं गोदाम आणि वर आम्ही आठ जण. मालक तरुण होते, त्यांना सगळे दादा म्हणायचे. सर वयानं सगळ्यांत मोठे, पंचावन्नच्या पुढचे. वीस वर्षं पुण्यात आणि हैदराबादला मोठ्या कंपन्यांत काढून, आई अंथरुणाला खिळली म्हणून यवतमाळला आले आणि आई गेल्यावरही इथेच राहिले. स्कूटरवरून यायचे आणि हेल्मेट थेट खुर्चीत बसल्यावर काढायचे. जिन्यात हेल्मेट घातलेला माणूस पाहून खालचे हमाल हसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “त्या जिन्याच्या पायऱ्या पाह्यल्या का तू? मले रस्त्याची तेवढी भीती नाही वाटत.”

माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती. मी मुकुटबनची, घरी कापूस आणि तूर. यवतमाळच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि प्रोग्रॅमिंगची उत्तरं पाठ करून आले होते. त्यांनी विचारलं, “तुमच्या गावात पाण्याच्या टाक्या किती?”

“एक.”

“दुसरी नाही?”

“नाही.”

“नाही, का पाह्यली नाही?”

मी गावाच्या सगळ्या दिशा डोळ्यांसमोर आणल्या आणि शेवटी म्हटलं, “स्टेशनकडच्या बाजूला मी फारशी जात नाही सर. माहीत नाही.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सोमवारपासून यायला सांगितलं. बाकीचं पाठांतर तसंच राहिलं.

त्यांचा जेवणाचा डबा पाच पुड्यांचा होता. जेवायला बसल्यावर आम्ही सगळे आपापले डबे एकदम उघडून बसायचो, सर मात्र वरचा पहिलाच पुडा काढायचे. त्यात पोळ्या. मग दुसरा. कुणी विचारलं, “सर, आज भाजी काय?” तर म्हणायचे, “अजून माहीत नाही.” पाचवा पुडा तर कित्येकदा न उघडताच परत जायचा. मी नवी होते तेव्हा त्यांनी मला लेझी लोडिंग ह्या डब्यावरच शिकवलं. “डेटाबेसमधून माणसाचं नाव, वय, गाव लगेच येतं. बाकी जड सामान, जुने रिपोर्ट, औषधं, हे तिथंच राहते. तू मागितलं की मग आणून देते. आता हा पुडा मी उघडला नाही. म्हणून त्यात काही नाही असं म्हणशील का?”

“नाही सर.”

“मग काय म्हणशील?”

“उघडला नाही म्हणीन.”

“हं. एवढं ज्याले कळलं त्याले अर्धी नोकरी कळली.”

घरीही ते असेच असावेत. त्यांच्या पत्नीनं सांगितलेली गोष्ट आहे. एकदा एक शिक्षिका सर्व्हे करायला घरी आल्या होत्या. दारातूनच चार प्रश्न विचारून बाकीच्या रकान्यांत त्यांनी भराभर ‘नाही’ लिहिलं आणि निघाल्या. सर फाटकापर्यंत मागे गेले. त्यांना परत आणलं, पंख्याखाली बसवलं, चहा दिला आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारायला लावले. घरी गाय? नाही. म्हैस? नाही. शेळी? नाही. त्या बाई शेवटी वैतागून म्हणाल्या, “मी हेच तं लिहिलं होतं सर.” सर म्हणाले, “तेव्हा ते तुमचं ‘नाही’ होतं मॅडम. आता माझं झालं.” त्या बाई हसल्या आणि दुसरा चहा घेऊनच गेल्या म्हणे. सरांच्या पत्नीला मात्र हसू आलं नव्हतं. “दूध मी घरात हिशोबानं वापरते,” एवढंच त्या म्हणाल्या.

अशा माणसाबरोबर काम करणं सोपं नसतं. दादांना तर सर म्हणजे गाडीच्या चाकाला लावलेला दगड वाटायचे. एखादं काम संपलं म्हणून दादांनी ग्राहकाला फोन लावावा आणि सरांनी मागून विचारावं, “हे रिकामं आलं तं स्क्रीनवर काय दिसेल?” की झाला आणखी एक दिवस. मलाही राग यायचा. खोटं कशाला बोलू, ते चार दिवसांच्या रजेवर गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या वेळी आमचं सगळ्यांत मोठं काम एका धर्मादाय संस्थेचं होतं. जिल्ह्यात तिचे अकरा छोटे दवाखाने होते. प्रत्येक दवाखान्यात एक नर्स, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, आणि नर्सच्या हातात एक टॅबलेट. पेशंटचं नाव टाकलं की यवतमाळच्या सर्व्हरवरून त्याचा रेकॉर्ड टॅबलेटवर यायचा. रेकॉर्ड असा पाठवायचा तर आधी त्याचा साधा मजकूर करावा लागतो, त्याला जेसन म्हणतात. आमच्या प्रोग्रॅमचा एक भाग पेशंटच्या रेकॉर्डमधला एकेक रकाना उघडून तो मजकूर लिहीत जायचा. आणि तिथेच रोज घोळ व्हायचा. नाव, वय, गाव नीट जायचं, पण मागितल्याशिवाय न येणाऱ्या रकान्यापाशी तो पोचेपर्यंत डेटाबेसचं कनेक्शन बंद झालेलं असायचं. मग पूर्ण पानच कोसळायचं आणि नर्सला नुसता लाल एरर दिसायचा. सर म्हणत होते की पाठवायसाठी वेगळा छोटा ऑब्जेक्ट, म्हणजे एक रिकामा डबाच, करू, काय लागतं ते आधीच आणून त्यात भरू. दादा म्हणत होते, एवढा वेळ नाही.

सर पुतणीच्या लग्नाला अकोल्याला गेले आणि त्याच दिवशी दादा माझ्या टेबलापाशी आले. “संस्थेच्या डॉक्टर मॅडमचा तीनदा फोन आला. तुले जमते का पाह्य.”

मला जमलं, तेही अर्ध्या तासात. एक सेटिंग होतं: जो रकाना आणलेला नाही तो सोडून दे आणि पुढे जा. मी ते चालू केलं. एरर एकदम बंद झाले. शिवाय पान इतकं लवकर उघडायला लागलं की वणीकडच्या एका नर्सनं फोन करून कौतुक केलं. दादांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले.

पाचव्या दिवशी सकाळी सर आले. हेल्मेट काढलं, लग्नाचे बुंदीचे लाडू वाटले आणि मग मला विचारलं, “एरर गेला म्हणे.”

“हो सर. येतच नाही आता.”

“येत नाही, का दाखवत नाही?”

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या नावाचा एक पेशंट सिस्टिममध्ये चाचणीसाठी ठेवला होता आणि त्याला पेनिसिलिनपासून शेंगदाण्यापर्यंत सहा अ‍ॅलर्ज्या लावल्या होत्या. तो त्यांनी टॅबलेटवर उघडला आणि टॅबलेट माझ्याकडे फिरवला. अ‍ॅलर्जीच्या समोर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: ‘नाही’.

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. अ‍ॅलर्जीची यादी हाही मागितल्यावरच येणारा रकाना होता. माझ्या सेटिंगनं तो सोडून दिला. टॅबलेटला तिथे काहीच मिळालं नाही, आणि काहीच नसलं की ‘नाही’ दाखव असं आम्हीच कधीतरी टॅबलेटला सांगून ठेवलं होतं. चार दिवस अकरा दवाखान्यांत प्रत्येक पेशंटपुढे ते ‘नाही’ दिसत होतं.

सर ओरडतील असं वाटलं, पण ते उठून दादांच्या केबिनच्या दारात गेले आणि म्हणाले, “सर्व्हर बंद करतो.”

“अकराही ठिकाणी ओपीडी चालू आहे सर.”

“म्हणूनच. कोरं दिसलं तं नर्स विचारते. ‘नाही’ लिहून दिसलं तं कायले विचारेल?”

दादा म्हणाले, “करा बंद.”

मग आम्ही यादी काढली. त्या चार दिवसांत आलेले आणि डेटाबेसमध्ये ज्यांच्या नावावर अ‍ॅलर्जी नोंदलेली आहे असे सतरा पेशंट निघाले. दादांनी संस्थेच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला, मी आणि सर एकेका दवाखान्याला. प्रत्येक नर्सला आम्ही विचारायचो, ह्या पेशंटला काय दिलं. काहींना नुसतं मलम दिलं होतं. काहींना नर्स वर्षानुवर्षं ओळखत होत्या. एकीनं सांगितलं, “मी तुमच्या मशीनकडे पाहतच नाही जी, तोंडीच विचारते.” एरवी अशी नर्स म्हणजे आमची डोकेदुखी. त्या दिवशी तिचे पाय धरावेसे वाटले. दुपारी दोनपर्यंत सोळा नावांवर सरांनी बरोबरची खूण केली.

सतरावं नाव मुकुटबनचं होतं. सत्तरीचे एक आबाजी, सल्फाची अ‍ॅलर्जी, आणि मंगळवारी डॉक्टरांनी नेमक्या सल्फाच्याच गोळ्या लिहून दिलेल्या. तिथली नर्स त्याच आठवड्यात नवी आली होती. दवाखान्याचा फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. आबाजींच्या नावापुढचा नंबर बंद होता.

सर म्हणाले, “मुकुटबन तुझं ना?”

मी बाबांना फोन लावला. ते वावरात होते, वेचणी चालू होती, मागे बायांचा आवाज येत होता.

“बाबा, हातातलं काम ठेवा अन् गावात जा.”

“काहून? काय झालं बाई?”

मी सर्व्हरपासून सांगायला लागले, बाबांना काही कळेना. सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. “नमस्कार. मी तुमच्या मुलीच्या ऑफिसातून बोलून राह्यलो. ती ठीक आहे. आमच्याकडून एक चूक झाली आहे,” असं म्हणून त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ‘आमच्याकडून’ म्हणाले ते. मग म्हणाले, “त्या आबाजींनी गोळ्या घेतल्या का, एवढं पाहून सांगा. कुणाले विचारून नको, स्वतः पाहून.”

बाबांचा फोन यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात ऑफिसमध्ये कुणी काही काम केलं नाही. दादा खिडकीपाशी उभे होते. सर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून पेन उघडत आणि बंद करत होते. मी मनातल्या मनात राजीनामा लिहिला, खोडला, परत लिहिला.

फोन वाजल्यावर सरांनी तो स्पीकरवर टाकला.

“हॅलो. बसून हाये बुढा,” बाबा म्हणाले. “माह्या समोरच बसून हाये. तंबाखू चोळून राह्यला.”

“गोळ्या?” सरांनी विचारलं.

“नाही घेतल्या. एक बी नाही. पाकीट पाह्यलं मी, भरेल हाये.” मग बाबा हसायला लागले. “बुढीनं लपवून ठेवल्या होत्या जी. तांदळाच्या कोठीत. बुढ्याले सापडल्याच नाहीत. थांबा, तिलेच देतो.”

पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. “कोन व्हय? हां. थ्या नर्सबाईले मी म्हनलं, याले मागं अशाच गोळीनं तोंड सुजलं होतं. तं थे म्हने, मशीनमदी ‘नाही’ लिहेल हाये, घेऊ द्या बिनधास्त. मशीननं पाह्यलं का त्याचं तोंड? मी पाह्यलं हाये. मनून लपवल्या.”

फोन टेबलावर ठेवून सर जिन्यात जाऊन पायरीवर बसले. मी मागे गेले तर चष्मा शर्टाच्या टोकानं पुसत होते, पुसतच होते. मी रडत होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की आपण उभ्या आहोत हेही कळत नव्हतं.

“सर, चूक माझी होती,” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले. “अन् टॅबलेटमधलं ते ‘नाही’ दोन वर्षांपूर्वी मी पास केलं होतं. ते तुझ्या आधीचं आहे. चल, चहा घेऊ.”

खरी दुरुस्ती दोन दिवसांत झाली. प्रत्येक पानाला काय लागतं ते आधी ठरवलं, कनेक्शन बंद व्हायच्या आत तेवढं एकदम आणलं, आणि पाठवायसाठी वेगळा छोटा ऑब्जेक्ट करून त्यात भरलं. अ‍ॅलर्जी आणलेली नसेल तर आता टॅबलेटवर पिवळी पट्टी येते: ‘माहिती आलेली नाही, पेशंटला विचारा.’ आणि ‘नाही’ दिसायचं असेल तर कुणीतरी विचारून, तशी खूण करून ठेवलेली असावी लागते. सरांनी ह्यात एकही टोमणा मारला नाही. मी चार दिवस वाट पाहत होते.

त्यांचा हट्ट दुसऱ्याच गोष्टीवर होता. संस्थेला सगळं लेखी कळवायचं. दादा म्हणाले, “शेवटी काही झालं नाही ना सर. कायले लिहायचं?”

“झालं नाही हे आपल्याले माहीत आहे. त्याइले कुठं माहीत आहे?”

पत्र सरांनीच लिहिलं. त्यात माझं नाव नव्हतं, कंपनीचं होतं, आणि चाचणी अपुरी होती ह्या वाक्यात त्यांचं स्वतःचं होतं. डॉक्टर मॅडम दादांवर फोनवर अर्धा तास चिडल्या. काम जाणार असं आम्ही धरून चाललो होतो. शेवटी त्यांनी विचारलं, नवं व्हर्शन सगळ्या टॅबलेटवर कधी येईल. दादांनी फोन ठेवला आणि आम्हाला सांगितलं, काम राहिलं. त्यानंतर सरांना त्यांनी कधी ‘एवढा वेळ नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

नवं व्हर्शन नर्सला समजावून सांगायला मी आणि सर मुकुटबनला गेलो. एसटीनं, वणीला गाडी बदलून. मारेगावच्या पुढे कधीतरी, काही विषय नसताना, सर म्हणाले, “आमच्या ताईचा दहावीच्या निकालात पेपरात नंबर नव्हता.”

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण.

“तेव्हा पेपरातच निकाल यायचा. नंबर दिसला नाही म्हणजे नापास. बाबा कलेक्टर ऑफिसात क्लार्क होते, रोज शाळेवरून जायचे. पण आत जाऊन कोणी विचारलं नाही. लाज वाटत होती. मग तिचं लग्न ठरवून टाकलं. दिवाळीनंतर शाळेतून मार्कशीट आली. कसल्यातरी मार्कांसाठी निकाल राखून ठेवला होता. पास होती.”

“मग सर?”

“मग काही नाही. संसार चांगला झाला तिचा. आता नातवंडांत आहे. बाबा मात्र तिच्यासमोर कधी पेपर उघडत नव्हते.”

खिडकीतून कापसाची वावरं मागे जात होती.

दवाखान्यातलं काम तासाभरात झालं. मग मीच म्हटलं, आबाजींच्या घरी जाऊन येऊ. सर म्हणाले, “तुले जायचं असेल तं मी येतो. सांगायचं काय ते तू सांग.”

आबाजी ओसरीवर बसले होते. त्यांची बायको, ठेंगणी, डोक्यावर पदर घट्ट, आम्हाला पाहून बाहेर आली. मी कुणाची मुलगी ते सांगितल्यावर तिनं लगेच सतरंजी टाकली. मी बसले नाही. उभ्यानंच म्हटलं, “आजी, त्या मशीनमधलं जे होतं ना, अ‍ॅलर्जी नाही म्हणून, ते माझ्यामुळं होतं. मी चुकले. तुम्ही गोळ्या लपवल्या नसत्या तर...”

आबाजींना फारसं ऐकू येत नसावं, ते सरांना वणीच्या बाजारात कापसाचा भाव काय आहे विचारत होते. सर खरंखुरं “मी पाह्यला नाही” म्हणून सांगत होते.

म्हातारी जवळ आली. माझ्या गालावरून तिनं बोटं फिरवली, बारीक झालेल्या माणसाला पाहतात तशी. “किती दिवस झाले तुले नीट जेवून?”

मला खरंच आठवेना.

“बस,” ती म्हणाली. “ज्वारीची भाकर हाये, अन् वांग्याची भाजी. ठेचा तिखट हाये, चालते का तुले?”

मी मान हलवली. ती आत गेली. तव्याचा आवाज आला, मग भाकरी भाजल्याचा वास. पहिली भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली, दुसरी सरांच्या. आम्ही ओसरीवर मांडी घालून बसलो, आणि मी एकामागून एक तीन भाकरी खाल्ल्या. सरांनी चार खाल्ल्या. आबाजी कौतुकानं त्यांच्याकडे पाहून म्हणाले, “लेकाचा जेवते मस्त.” आणि सर तोंडात घास घेऊन इतक्या मोठ्यानं हसले, की म्हातारी आणखी एक भाकरी घेऊन बाहेर आली.